बॅकपसाहेब

बॅकपसाहेबांचं खरं नाव मला पाठ आहे, पण ते सांगून उपयोग नाही. नसरापूरच्या अलीकडे हायवेला लागून आमचं दूध शीतकरण केंद्र होतं, तिथं ते नाव फक्त पगारपत्रकावर दिसायचं. कामगार, टेम्पोवाले, गावोगावचे दूधवाले, सगळे त्यांना बॅकपसाहेब म्हणायचे. त्यांना स्वतःलाही हे नाव इतकं आवडलं होतं की फोन उचलल्यावर ते "हां, बॅकपसाहेब बोलतोय" असंच सांगायचे. आपली थट्टा चाललीय हे न कळणारी माणसं पुष्कळ असतात. थट्टा कळूनही तिचा हार गळ्यात घालून घेणारा माणूस मी हा एकच पाहिला.

मी त्या केंद्रात लॅबमध्ये होते. काम साधं होतं. भोर-वेल्ह्याच्या गावांतून टेम्पो यायचे, ओट्यावर कॅन उतरायचे, मी नमुना घेऊन त्यात फॅट किती ते काढायची, दूध चांगलं असेल तर टाकीत, नसेल तर परत. पण माझ्या परीक्षेच्या आधी साहेबांच्या नाकाची परीक्षा असे. नोकरीला लागले तेव्हा ते ओट्यावरच होते आणि कॅनचं झाकण उचलून वास घेणं हे त्यांचं काम होतं. झाकण नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि वास बिघडलेला असला की एकच शब्द म्हणायचे, "परत." त्यावर अपील नव्हतं. मी हट्टाने तोच नमुना तपासायची आणि दहातल्या नऊ वेळा ते नाक बरोबर निघायचं. दहाव्या वेळी ते म्हणायचे, "मॅडम, तुमची परीक्षानळी नीट धुतलेली नाही."

दोन हजार सालानंतर केंद्रात कॉम्प्युटर आले. वजनकाटा, फॅटचं मशीन आणि ओट्यावरचा चिठ्ठी छापायचा प्रिंटर, हे सगळं एका पांढऱ्या पेटीला जोडलं. ती पेटी म्हणजे सर्व्हर. कुठल्या गावाचं किती दूध आलं, कसं आलं, सगळं तिच्या पोटात. संचालकांनी तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि मग प्रश्न आला की ही सांभाळायची कुणी. साहेबांनी भोरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. एक संचालक म्हणाले, "ज्या माणसाला आंबट दूध फसवत नाही, त्याला मशीन काय फसवणार?" ह्या तर्कावर साहेबांची नेमणूक झाली. त्यांची खुर्ची बदलली, नाक बदललं नाही. दुधाच्या वेळेला ते कॉम्प्युटरच्या खोलीतून उठून ओट्यावर यायचेच.

त्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हे समजण्यासारखं होतं. चहा न्यायचा नाही, हेही ठीक. पण आत शिंकायलाही बंदी होती. बशीरभाई म्हणून आमच्या वेल्हे रूटच्या टेम्पोचे ड्रायव्हर होते, मूळचे भोरचे, तोंडाचे फार तिखट. ते दारातून आत डोकावून विचारायचे, "साहेब, दर्शन चालू हाय का बंद झालं?" साहेब रागवायचे नाहीत. उलट त्यांना ते योग्यच वाटायचं.

बॅकप हा त्यांचा धर्म होता. पिशवीत दोन छत्र्या, खिशात दोन पेनं, पायातल्यांखेरीज चपलांचा एक जोड कायम टेबलाखाली. ह्या सगळ्याला ते एकच कारण द्यायचे, "बॅकप आहे." मुलीच्या लग्नात त्यांनी दोन जनरेटर मागवले होते आणि भटजीही दोन बोलावले होते. दुसरा भटजी मुकाट्याने एका कोपऱ्यात जेवणाची वाट बघत बसला होता. बशीरभाईंनी मांडवातच विचारलं, "साहेब, नवरदेवाचा बॅकप कुठं बसवलाय?" आम्ही हसलो. साहेबांनी मात्र आवाज खाली आणून अगदी गंभीरपणे सांगितलं, "तेही मुलीच्या आत्याशी बोलून ठेवलंय." आवाज पुरेसा खाली आला नसावा, कारण पुढं कित्येक दिवस व्याही त्यांच्याशी बोलत नव्हते.

आता सर्व्हरचं. पुण्याच्या ज्या कंपनीने आम्हाला त्यावर नोंदींचा प्रोग्रॅम बसवून दिला होता, ती अधूनमधून सुधारणेची सीडी पाठवायची. कुठं चूक दुरुस्त केलेली, कुठं नवीन सोय. दुसऱ्या केंद्रांत ती आली की घालत. आमच्याकडे आधी ती कपाटात जायची. "मुरू दे," साहेब म्हणायचे. कैरीच्या लोणच्यासारखी ती सीडी मुरायची. मधल्या काळात ते ओळखीच्या केंद्रांना फोन लावायचे, "तुम्ही घातलं का? मग काय झालं?" कुणाचं बिघडलं असेल तर त्यांचा चेहरा खुलायचा. एकदा पलीकडच्या तालुक्यातलं एक केंद्र नव्या सीडीमुळे दिवसभर बंद पडलं, तेव्हा ह्यांनी आम्हाला पेढे वाटले. दुसऱ्याची चूल विझल्याचे पेढे मी त्यांच्याच हातचे खाल्ले.

ह्यात थोडा शहाणपणा होता हे मला मान्य करावं लागतं. "नवीन म्हणजे काय, मॅडम? ज्यातली चूक अजून सापडलेली नाही ते," असं ते म्हणायचे. पण शहाणपणाची पण एक हद्द असते. सीडी मुरली तरी ती घालायला त्यांना दिवस सापडायचा नाही. पावसाळ्यात नाही, कारण वीज जाते. थंडीत नाही, कारण तेव्हा दूध भरपूर येतं. पितृपंधरवड्यात नाही, अमावास्येला नाही, जत्रांच्या दिवसांत नाही, संचालकांची बैठक असेल त्या आठवड्यात तर नाहीच. अशा रीतीने कपाटात एकावर एक चार सीड्या साठल्या. पुण्याचा इंजिनियर फोनवर ओरडायचा की एकेक घालत चला, सगळ्या एकदम अंगावर घेऊ नका. साहेब फोन ठेवून म्हणायचे, "तरुण आहे. घाई दुधाला असते, कॉम्प्युटरला नसते."

आणि रोजचा बॅकप. संध्याकाळचं दूध संपलं की ते दिवसभराच्या नोंदी एका टेपवर उतरवून घ्यायचे. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटहून जरा जाड अशी वस्तू. वारानुसार टेपा होत्या, सोमवारची, मंगळवारची. ती टेप स्टीलच्या डब्यात घालून, डबा दोन्ही हातांत धरून, साहेब अंगण ओलांडून जायचे. कुणी मध्ये आलं तर थांबायचं, बोलायचं नाही. ते जायचे कुठं, तर कोल्ड रूममध्ये. जिथं आमचं लोणी ठेवलेलं असायचं, तिथं वरच्या फळीवर टेपांचा डबा. "थंड जागेत वस्तू टिकते," असं ते म्हणायचे. आम्ही सगळे दुधातली माणसं. थंडीत वस्तू टिकते ह्याच्यावर तर आमची पोटं चालायची. माझ्यासकट एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट संचालकांनी एकदा पाहुण्यांना मुद्दाम तो डबा दाखवला होता.

ती टेप पुन्हा सर्व्हरवर चढवून पाहिली आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. साहेब दुखावले. "मॅडम, ठेवणीतली वस्तू रोज उघडून बघायची नसते," ते म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्याच्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडून नाक खुपसलं, तो असं म्हणाला. मी लॅबमध्ये जाऊन एकटीच हसले.

आता पासलीबद्दल सांगायला हवं. पासली वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात. भाताचं गाव, दूध थोडं, पण म्हशीचं आणि घट्ट. तिथलं दूध गोळा करायच्या राधाआक्का. नऊवारी कासोट्याची, कपाळावर गोंदण, आवाज डोंगरातला. त्या दुधाबरोबर स्वतः टेम्पोत बसून यायच्या, कारण कॅनवर त्यांचा जीव होता. रस्ता वाईट, ऊन फार, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांचं दूध मधूनच आंबायचं. मी सांगतेय त्या उन्हाळ्यात साहेबांच्या नाकाने ते दोनदा परत लावलं होतं. संचालकांनी ठरवून टाकलं होतं की आता आणखी एकदा परत गेलं, तर वेल्ह्यापुढं टेम्पो न्यायचा नाही. म्हणजे पासलीचं दूध बंद. कामथडीचं, शिवऱ्याचं दूध आम्ही परत केलं तरी हायवेवरची हॉटेलं हसत घेतात. पासलीच्या म्हशीने दूध दिलं तर ते कुणाला विकायचं? राधाआक्का मला म्हणाल्या होत्या, "बाई, टेम्पो थांबला की आमच्या म्हशी बाजारात. दुसरं काय न्हाई."

आणि मग तो दिवस आला. पुढच्या महिन्यापासून फॅट मोजायची पद्धत बदलणार होती आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये ती बसत नव्हती. सीड्या घालणं भागच होतं. साहेबांनी महिन्याची शेवटची तारीख उजाडेपर्यंत वाट पाहिली. सकाळचं दूध आटोपल्यावर त्यांनी अंगावर पांढरा एप्रन चढवला, डोक्याला टोपी घातली, फोनचा रिसीव्हर खाली काढून ठेवला आणि मला म्हणाले, "मी आत जातोय." मी म्हटलं, "या." आणखी काय म्हणणार?

पहिली सीडी बरी गेली. दुसरीही. तिसरीने इंग्रजीत एक प्रश्न विचारला, होय का नाही. तो प्रश्न त्यांनी डिक्शनरी घेऊन वाचला, मला बोलावून वाचायला लावला, आणि जेवणाची सुट्टी संपेपर्यंत विचार करून होय म्हटलं. चौथी सीडी अर्ध्यात गेली आणि पडदा जो गोठला तो गोठलाच. बंद करून चालू केला तर सर्व्हर म्हणे, नोंदीच सापडत नाहीत. साहेबांनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि पुण्याला फोन लावला. इंजिनियर आधी भरपूर ओरडला, मग म्हणाला, "जाऊ द्या, बॅकप आहे ना? कालची टेप चढवा, थोड्या वेळाचं काम आहे."

साहेब खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद पाहिला की मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता. सगळं आयुष्य ज्याची तयारी केली ती आणीबाणी शेवटी आली होती. "बॅकप आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले आणि अंगण ओलांडून कोल्ड रूमकडे निघाले.

कालची टेप यंत्रात घातली. यंत्र घरघरलं, अडखळलं आणि थांबलं. परवाची घातली. तेच. दिवस कलायला लागला, ओट्यावर संध्याकाळचे टेम्पो येऊ लागले आणि साहेब एकेक वार काढून यंत्रात घालत राहिले. कामथडीवाले थोडा वेळ थांबले, मग कॅन उचलून हॉटेलांकडे गेले. शिवऱ्याचेही गेले. शेवटी वेल्ह्याचा टेम्पो आला. मागे कॅनना धरून राधाआक्का बसलेल्या.

मी म्हटलं, "साहेब, कागदावर लिहू. मी फॅट काढते, दूध टाकीत घेऊ." साहेब टाकीच्या नळापुढं येऊन उभे राहिले. "नोंद झाल्याशिवाय दूध टाकीत नाही. कागदावरून मशीनमध्ये भरताना चूक झाली तर?" चिठ्ठ्यांची जुनी पुस्तकं त्यांनीच रद्दीत घातली होती, दोन ठिकाणी नोंद केली की घोळ होतो म्हणून. दोन भटजी बोलावणारा माणूस!

"साहेब, दूध हाय ते," राधाआक्का म्हणाल्या. "ते तुमच्या मशीनसाठी थांबनार न्हाई. दुपारपासनं ऊन खाल्लंय आमी."

"आक्का, थोडा वेळ. बॅकप आहे."

"लई दिसांपासनं ऐकते मी ह्ये. कुठं हाय?"

बशीरभाई टेम्पोच्या दांडीला टेकून उभे होते. एरवी त्यांनी काही ना काही टोमणा मारला असता. त्या दिवशी मला भीतीच वाटली.

साहेब पुन्हा यंत्राकडे गेले. दोन तास गेले, मग ते कोल्ड रूममधून डबाच घेऊन बाहेर आले. शेवटची टेप उरली होती, रविवारची. ती हातात घेतली तर तिच्यावर घाम आला होता, थंडीतून उन्हाळ्यात आलेल्या कुठल्याही वस्तूला येतो तसा. वर्षानुवर्षं ती रोज अशीच गारठ्यात जात होती आणि उकाड्यात येत होती. साहेबांनी ती एप्रनला पुसली. मग त्यांच्या हाताने जे केलं ते त्यांना विचारून केलं असं मला वाटत नाही. इतक्या वर्षांची सवय. त्यांनी टेप नाकाशी नेली, डोळे मिटले, बुरशीचा वास आला असणार, आणि म्हणाले, "परत."

मग राधाआक्कांनी विचारलं, रागाने नाही, खरंच माहीत नसल्यासारखं, "कुठं परत लावायचं, साहेब?"

साहेबांनी डोळे उघडून टेपेकडे पाहिलं. मग त्यांनी ती डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि नळापुढून बाजूला झाले. "मॅडम, नमुना घ्या," ते म्हणाले.

मी घेतला. परीक्षानळीत दूध घातलं आणि ते काचेवर दाणे धरून फाटलं. दुसऱ्या कॅनचं घेतलं, तेही फाटलं. पासलीचे सगळे कॅन गेले होते. मी वर पाहिलं तर राधाआक्का माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मला तो शब्द तोंडातून काढवेना. मी साहेबांना इतकी वर्षं हसले, पण त्या क्षणी मला त्यांना मारावंसं वाटलं.

शब्द साहेबांनीच काढला, पण वेगळा. "हे दूध परत जाणार नाही," ते म्हणाले. "आलं तेव्हा चांगलं होतं. ते आमच्या दारात उभं राहून नासलं." हेच त्यांनी खिशातलं पेन काढून एका कोऱ्या कागदावर लिहिलं. पेन मध्येच अडलं तेव्हा दुसरं काढलं. खाली सही केली, मला साक्षीदार म्हणून सही करायला लावली आणि कागद राधाआक्कांच्या हातात दिला. मग स्वतः एकेक झाकण उघडून सगळं दूध गटारात ओतलं. ह्या वेळी त्यांनी एकाही झाकणाचा वास घेतला नाही.

संचालकांची बैठक अर्थातच झाली. ज्यांनी पाहुण्यांना तो डबा दाखवला होता तेच टेबलावर हात आपटत होते की लोण्यात टेप ठेवतं का कुणी. साहेबांनी एकदाही आठवण करून दिली नाही की तुम्हीही तिथं उभे होता. गेलेल्या नोंदी गावोगावच्या चिठ्ठ्या गोळा करून पुन्हा भरल्या. त्यात पुष्कळ दिवस गेले. साहेबांना कॉम्प्युटरच्या खोलीतून काढून रिकाम्या कॅनच्या गोदामावर बसवलं. त्यांच्या जागी पुण्याहून एक मुलगा आला. तो सीडी आली की दुधाच्या वेळेलाच घालतो आणि मग बाहेर येऊन विचारतो की काही बंद पडलं का. त्याच्यामुळे आमचं केंद्र साहेबांच्या काळापेक्षा जास्त वेळा बंद पडलं, पण तो इंजिनियर आहे, त्यामुळे त्याला कुणी काही म्हणत नाही.

पासलीचा टेम्पो मात्र बंद झाला नाही. तो कागद राधाआक्कांनी थेट बैठकीत नेऊन ठेवला होता, आणि स्वतःच्या माणसाची सही संचालकांना नाकारता येईना.

दिवाळीनंतर भात निघाल्यावर राधाआक्का टेम्पोतून अर्धं पोतं नवीन तांदूळ घेऊन आल्या. साहेबांसाठी. गोदामाच्या पायरीवर पोतं ठेवलं. साहेबांनी पोत्याचं तोंड सोडलं, वाकून वास घेतला आणि तिथंच थांबले. मग उठून माझ्या लॅबमध्ये आले, बर्नर आणि काचेचं भांडं मागितलं, मूठभर तांदूळ शिजवले, मीठ घालून खाल्ले, मला खायला लावले. "चांगले आहेत," ते म्हणाले. "वास चांगला होता, तरी बघितलं."

"तांदूळ हायेत साहेब, मशीन न्हाई," राधाआक्का पायरीवरून म्हणाल्या.

तांदूळ त्यांनी घरी नेले. पण एक डबाभर गोदामाच्या फळीवर ठेवले, बॅकप म्हणून. कोरड्या फळीवर, कोल्ड रूममध्ये नाही, हे मी स्वतः जाऊन पाहून आले. दर सोमवारी त्यातले मूठभर काढून ते माझ्याकडे यायचे, शिजवून बघायचे, मला चाखायला लावायचे आणि समाधानाने परत जायचे. होळीच्या आत सगळा बॅकप चाचणीतच संपला. मी ही गोष्ट राधाआक्कांना सांगितली तेव्हा बशीरभाई आणि मी पोट धरून हसत होतो. त्याही हसल्या, पण जराशाच.

"संपू द्या," त्या म्हणाल्या. "टेम्पो चालू हाय न्हवं? आनखी पाठवते."